ठिपकेसर

निरोगी पानाकडे ठिपकेसर ढुंकूनही बघत नाहीत. लुसलुशीत, तजेलदार वगैरे विशेषणं कवींसाठी सोडून ते पुढे जातात. मात्र कुठे पानावर तपकिरी, करडा, जांभळट, पिवळ्या कडेचा किंवा मधोमध भोक पडलेला ठिपका दिसला की त्यांची चाल मंदावते, मान पुढे येते, हात सदऱ्याच्या खिशात जातो आणि सुतळीला बांधलेलं दहापट मोठं दाखवणारं भिंग बाहेर येतं. त्यानंतर पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. बरोबरचा माणूस नवखा असेल तर शेजारी उभा राहतो. जुना असेल तर पुढे जाऊन चहा सांगतो.

सोसायटीच्या पाटीवर त्यांचं रीतसर नाव आहे, त्यापुढे पीएच.डी.ची अक्षरं आहेत, पण ती वाचण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. कुरिअरवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना ठिपकेसरच म्हणतात आणि त्यांनाही ते मनापासून आवडतं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पुण्यात बिऱ्हाड केलं. पुण्यात निवृत्त माणसाचं काहीतरी असावं लागतं. कोणाचे गडकिल्ले असतात, कोणाची मोडी लिपी, कोणाचं संपादकांना पत्रं लिहिणं, कोणाचं नुसतंच ब्लडप्रेशर. सरांचे ठिपके आहेत. हा प्रकार दुर्मीळ असला तरी एकुलता एक नाही. दर जिल्ह्यात असा एखादा असतोच. ऐकून घेणारं कोणी नाही म्हणून गप्प बसलेला असतो, इतकंच.

मंडईतली त्यांची खरेदी बघण्यासारखी असते. लोक पालकाची जुडी उलटीपालटी करून डाग नसलेली निवडतात. सर डाग असलेली निवडतात.

‘‘आजोबा, ही घ्या की, ताजी आहे.’’

‘‘ताजी नको. ती मागे टाकलीय ना, ती दाखवा.’’

‘‘गुरांना घालायचीय?’’

‘‘नाही हो, बघायचीय.’’

पहिल्या वेळी भाजीवालीने ती जुडी फुकट दिली. दुसऱ्या वेळीही दिली. मग हे गिऱ्हाईक हमखास आहे हे तिने ओळखलं. तेव्हापासून ठिपकेवाल्या जुडीचा भाव चांगल्या जुडीपेक्षा दोन रुपयांनी जास्त आहे आणि सर एका शब्दाने घासाघीस करत नाहीत. उलट गर्दी थोपवून शेजारच्या बाईंना दाखवतात, ‘‘हे बघा, मध्ये राखाडी, कडेने तांबूस. सर्कोस्पोरा बेटिकोला असावी.’’ बाई हातातली जुडी खाली ठेवतात आणि मेथी घेतात. मंडईत सरांच्या आसपास पालकाला उठाव नसतो. बहुधा ते दोन रुपये त्याचेच असावेत.

‘असावी’ हा त्या वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द. सरांच्या तोंडून ‘आहे’ हा शब्द मी क्वचितच ऐकला आहे. ठिपका नुसत्या डोळ्यांनी बघून बुरशीचं नाव सांगणाऱ्या माणसाबद्दल त्यांना तितकाच आदर आहे, जितका कपाळ बघून मुलांची संख्या सांगणाऱ्याबद्दल. ते आधी पान उलटतात. ठिपका वरच्या बाजूला गडद की खालच्या? गोल, की शिरांनी अडवल्यामुळे कोनाकोनांचा झालेला? आत वर्तुळात वर्तुळं आहेत का? टोमॅटोवरच्या लवकर येणाऱ्या करप्यात ती असतात. मध्यभागी सुईच्या टोकाएवढे काळे बिंदू आहेत का? असले तर ते टोचल्यासारखे आत बसलेत की वर आलेत? भुईमुगाच्या टिक्क्याचंच घ्या. एक टिक्का लवकर येतो, तपकिरी असतो, त्याच्याभोवती पिवळी कड असते आणि त्याचे बीजाणू बहुतेक पानाच्या वरच्या अंगाला धरतात. दुसरा उशिरा येतो, जवळजवळ काळा असतो आणि बीजाणू खालच्या अंगाला धरतो. शेतकऱ्याच्या लेखी दोन्ही टिक्काच. सर म्हणतात, ‘‘माणसं जन्मभर पानाची एकच बाजू बघतात आणि मला विचारतात, नाव काय?’’

एवढं सगळं पाहून झालं की मग ‘असावी’. खात्री हवी तर घरी.

घरी म्हणजे काकूंच्या स्वयंपाकघरात. आता हा भाग जरा सावकाश सांगायला हवा, कारण त्या घरात प्रयोगशाळा कुठे संपते आणि संसार कुठे सुरू होतो हे ठरवायला जो करार झालेला आहे, तो पाणीवाटपाच्या कुठल्याही कराराहून गुंतागुंतीचा आहे. फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा सरांचा. त्यात कापसाचे बोळे लावलेल्या काचेच्या नळ्या आणि पेट्री डिश. वरचे कप्पे काकूंचे. लोणच्याची बरणी आणि बुरशी यांच्यात किमान दोन कप्प्यांचं अंतर हवं, हे कलम काकूंनी घातलेलं. दोन कुकर. एकाच्या झाकणावर लाल ऑइलपेंटने फुली मारलेली, त्यात वरणभात शिजवायचा नाही. पानं ओलाव्यात ठेवायला स्टीलचे डबे, तळाशी ओला टीपकागद, वर ठिपक्याचं पान, झाकण बंद. रात्रभरात कोरड्या ठिपक्यावरही बीजाणू धरतात. हे डबे आधी दिवाणाखाली असत. दिवाळीत एका पाहुण्याने करंज्या म्हणून त्यातला एक उघडला. त्या गृहस्थांनी आत काय पाहिलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही, पण पुढच्या दिवाळीला ते फोनवरच शुभेच्छा देऊन मोकळे झाले.

बुरशी वाढवायला जे खाद्य लागतं ते बटाट्याचं. दोनशे ग्रॅम सोललेले बटाटे पाण्यात उकळायचे, पाणी गाळून घ्यायचं, त्यात वीस ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि वीस ग्रॅम अगर घालून लिटरभर करायचं आणि कुकरमध्ये पंधरा पौंड दाबावर वीस मिनिटं ठेवायचं. सरांना फक्त पाणी लागतं. उकडलेले बटाटे काकूंच्या वाट्याला येतात. ‘‘यांची बुरशी जेवते तेव्हा आमच्याकडे बटाट्याची भाजी असते,’’ असं काकू सांगतात. एकदा त्यांनी विचारलं, ‘‘शिट्ट्या किती करायच्या?’’ सर म्हणाले, ‘‘अगं, शिट्ट्या नाही मोजायच्या, दाब मोजायचा.’’ काकू म्हणाल्या, ‘‘चाळीस वर्षं तोच मोजतेय.’’

पण काकूंचा खरा संताप झाला तो पातोळ्यांवरून. काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या. गणपतीत हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून, आत गूळखोबऱ्याचं सारण भरून, पान मिटून पातोळ्या वाफवायच्या हे त्यांच्याकडे चुकत नाही. त्या वर्षी पानं शेजारणीने गावाहून आणली होती. सरांनी स्वयंपाकघरात डोकावून बघितलं आणि पिठाचा हात लावलेलं एक पान उचललं. त्यावर लांबट ठिपका होता. मध्ये करडा, कडेला तपकिरी, त्याबाहेर पिवळी झाक, आणि करड्या भागात काळे बिंदू चक्क वर्तुळाने मांडलेले. भिंगाखाली त्या प्रत्येक बिंदूवर काळे ताठ केस उभे होते. मी तिथे होतो, मला दाखवले, म्हणून सांगतो. खरोखर सुंदर होते.

‘‘कॉलेटोट्रायकम! कॅप्सिसी असणार. म्हणजे आता ट्रंकेटम म्हणतात, पण बटलर आणि बिस्बी यांनी १९३१ मध्ये...’’

‘‘अहो, ते पान द्या इकडे. पाणी उकळलंय.’’

‘‘वाफेत घातलंस तर बीजाणू मरतील!’’

हे वाक्य आरतीला जमलेल्या वीसेक माणसांनी ऐकलं. आत काय शिजतंय याबद्दल मग बाहेर जी कुजबुज झाली, तिचा परिणाम असा की त्या दिवशी पातोळ्या भरपूर उरल्या. मी पोटभर खाल्ल्या. सरांनी पान शेवटी मिळवलंच. दाढीच्या पात्याने त्याचा आडवा काप काढला, निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि कोयत्यासारखे वाकडे बीजाणू मोजत बसले. पातोळी मात्र पानाशिवायच वाफवली गेली. ती चाळणीला चिकटली. ती कोणी खायची हे सांगायची गरज पडली नाही.

लग्नाच्या पंगतीतही तेच. जळगावकडे केळीच्या पानावर पंगत बसली होती. वाढपी वरणाची बादली घेऊन आला, तर सर पान दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरून बसलेले. शिरांना समांतर लांबोळक्या रेघा, मध्ये वाळलेल्या. यजमानांना त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की सिगाटोका हे फिजीमधल्या एका खोऱ्याचं नाव, १९१२ च्या सुमारास तिथल्या केळीवर हा करपा असा माजला की खोऱ्याचं नाव रोगाला कायमचं चिकटलं. यजमान स्वतः केळीवाले. त्यांना करप्याचा खर्च पाठ होता, फिजी माहीत नव्हतं. ‘‘फिजीत औषध काय मारत्यात?’’ एवढंच त्यांनी विचारलं.

आणि हाच सरांचा आणि जगाचा कायमचा झगडा आहे. जगाला औषध हवं असतं, सरांना नाव हवं असतं. सांगोल्याकडचा एक डाळिंबवाला कोणाच्या तरी ओळखीने आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन दिवस घामाघूम झालेली पानं. ती पिशवी बघूनच सरांचा चेहरा पडला. प्लॅस्टिकमध्ये पान घुसमटतं, कुजतं आणि ज्या बुरशांचा मूळ रोगाशी काही संबंध नाही त्या त्यावर मेजवानी झोडतात. पानं कागदात आणावीत, वर्तमानपत्राच्या घडीत, सोबत झाडाचं नाव, गाव, तारीख लिहून. हे सगळं त्या बिचाऱ्याला उभ्या उभ्या ऐकावं लागलं.

‘‘सर, करपा आहे म्हणाले दुकानदार. दोन फवारण्या झाल्या बुरशीच्या औषधाच्या. काय फरक नाही. तुम्ही चांगलं औषध लिहून द्या.’’

सरांनी त्यातल्या त्यात बरं पान निवडलं. ठिपका तेलकट होता, उजेडात धरला की पाणी मुरल्यासारखा दिसत होता. ठिपक्याच्या कडेचा बारीक तुकडा कापून त्यांनी स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवला, वर काच ठेवली आणि डोळा लावला. मग त्या शेतकऱ्याला बोलावून बघायला लावलं. कापलेल्या कडेतून पांढरट धूर निघावा तसा एक लोट पाण्यात पसरत होता. असंख्य जिवाणू. तेल्या. बुरशी नव्हतीच, आणि बुरशीच्या औषधाने त्याचं काही वाकडं होणारही नव्हतं.

या क्षणी दुसरा कोणीही माणूस विजयाने फुलला असता. सर हिरमुसले. ‘‘बॅक्टेरिया आहे हो,’’ ते म्हणाले, वधूपक्षाने पत्रिका परत पाठवावी तशा आवाजात. ‘‘माझ्या खात्यात नाही हा.’’ सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, चहा दिला आणि पुढच्या वेळी बुरशी असेल तर जरूर या, असं आग्रहाचं आमंत्रणही दिलं. तो माणूस जिना उतरताना मला म्हणाला, ‘‘दोन फवारण्यांचे पैसे गेले, तिसरीचे वाचले. पण सर नाराज का झाले?’’

खात्याबाहेर गेलेल्या गोष्टींची सरांकडे यादीच आहे. आंब्या-पेरूच्या पानावरचे मखमली तांबडे ठिपके: ते शेवाळ, बुरशी नव्हे. बटाट्याचा उशिरा येणारा करपा, फायटोप्थोरा, ज्याने १८४५ नंतर आयर्लंड उपाशी मारलं: तो सरांनी वर्गात वर्षानुवर्षं बुरशी म्हणून शिकवला, आणि आता शास्त्रज्ञ म्हणतात की तो तपकिरी शेवाळांच्या गोतावळ्यातला. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागलेला आहे. जुना विद्यार्थी भेटला तर आधी त्याला ही दुरुस्ती सांगतात, मग तब्येत विचारतात.

राहिलेल्या बुरशांची नावंही जागेवर राहत नाहीत. भुईमुगाच्या उशिरा येणाऱ्या टिक्क्याच्या पाकिटावर सरांनी पहिल्यांदा सर्कोस्पोरा पर्सोनाटा लिहिलं. ते खोडून सर्कोस्पोरीडियम. ते खोडून फेओइसॅरिऑप्सिस. मग पॅसालोरा. आता नोथोपॅसालोरा. पाकिटावर जागा उरलेली नाही, आतलं पान मात्र तेच आहे. त्यात भर म्हणजे अनेक बुरशांना दोन दोन नावं असत. बीजाणूंचा एक प्रकार धरला की एक, लैंगिक अवस्था सापडली की दुसरं, माहेरचं आणि सासरचं असावं तसं. मेलबर्नच्या परिषदेत २०११ मध्ये ठराव झाला आणि २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव असा नियम लागू झाला. सरांनी ही बातमी जेवताना सांगितली. काकूंनी पोळी लाटता लाटता ऐकली आणि म्हणाल्या, ‘‘बुरशीचं बरंय. मला अजून बँकेत अॅफिडेव्हिट द्यावं लागतं.’’

नाव न सांगण्यामागे सरांचं एक मोठं कारण आहे आणि ते मला पटलेलं आहे. ठिपक्यावर सापडलेली बुरशी ही ठिपका पाडणारीच असते असं नाही. पान एकदा मेलं की त्या मेलेल्या भागावर अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम, कर्व्ह्युलेरिया अशी कोणीही येऊन पसरतात. वाढतात भराभर, बीजाणू धरतात ढिगाने, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की आधी तीच दिसतात. म्हणून सर ठिपक्याचा मधला भाग घेत नाहीत. हिरवं संपतं आणि तपकिरी सुरू होतं त्या सीमेवरचा, दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घेतात, ब्लीचिंगच्या सौम्य पाण्यातून काढतात, निर्जंतुक पाण्याने धुतात आणि मग बटाट्याच्या खाद्यावर ठेवतात. तरीही जे वाढेल ते दोषी ठरत नाही. त्याला निरोगी झाडावर सोडायचं, तोच ठिपका पुन्हा पडतो का बघायचं आणि त्या नव्या ठिपक्यातून पुन्हा तीच बुरशी काढून दाखवायची. कॉखने घालून दिलेली ही पद्धत माणसाच्या रोगांसाठी होती. पानांना ती जशीच्या तशी लागू आहे, फक्त पानांच्या बाबतीत तिच्यासाठी शेजाऱ्यांची परवानगी लागते.

ती त्यांनी रीतसर मागितली. तळमजल्यावरच्या बाईंच्या मोगऱ्यावर ठिपके आले होते. त्याच ओळीतल्या दुसऱ्या कुंडीतला मोगरा ठणठणीत होता. सर दारात जाऊन म्हणाले, ‘‘तुमचा तो चांगला मोगरा मी थोडा आजारी पाडू का?’’ बाईंना वाटलं ऐकण्यात चूक होतेय. त्यांनी सरांना आत बसवून सरबत दिलं. सरांनी तासभर समजावलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या, बहुधा त्यांनी उठावं म्हणून.

आजारी पानातून तीन बुरशा वाढल्या होत्या. एक अल्टरनेरिया, चार दिवसांत सगळी डिश काळवंडून टाकणारी. एक कर्व्ह्युलेरिया. आणि कोपऱ्यात चिकटून बसलेली, राखाडी, नखाएवढी, आठवड्याला दोन मिलिमीटर सरकणारी तिसरी. सगळ्यांचा संशय अल्टरनेरियावर. सगळ्यांचा म्हणजे माझा आणि वॉचमनचा, कारण सर आम्हाला रोज दाखवायला आणत. तिन्हींचं पाण्यात कालवण करून तीन वेगळ्या फांद्यांवर फवारलं, फांद्यांना दोन दिवस प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. तिसरी तर बीजाणूही धरत नव्हती, तिचे नुसते तंतूच पाण्यात ढवळून फवारावे लागले. चौथ्या फांदीवर साधं पाणी फवारलं, कारण ते करायचंच असतं.

अल्टरनेरियाच्या फांदीला काही झालं नाही. कर्व्ह्युलेरियाच्या नाही. पाण्याच्या नाही. दोन-अडीच आठवड्यांनी तिसऱ्या फांदीच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके उमटले, आणि ते ओल्या डब्यात ठेवल्यावर लांब, सुईसारखे निमुळते, रंगहीन बीजाणू धरले. सर्कोस्पोरा. सरांनी सोसायटीत पेढे वाटले. बाईंच्या घरीही दिले. बाईंनी पेढा घेतला, मोगऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘आता तो बरा कधी करणार?’’ सर गोंधळले. त्या बाजूने त्यांनी विचारच केलेला नव्हता.

सोसायटीचा माळी त्यांचा शत्रू आहे. तो गुलाबाची काळ्या ठिपक्यांची पानं वेळच्या वेळी खुडून जाळतो. शास्त्राप्रमाणे त्याचंच बरोबर आहे, आणि सर हे मान्यही करतात, फक्त ‘‘जाळण्याआधी मला दाखवत जा’’ म्हणतात. आता माळी सकाळी सहाला येऊन काम उरकतो, तर सर पावणेसहाला टॉर्च घेऊन गुलाबात असतात.

बागेतल्या बाकावर त्यांचे एक जुने प्रतिस्पर्धी बसतात, अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ‘‘ठिपक्याने काय होतंय?’’ असं ते एकदाच म्हणाले. सरांनी १९४२ चं बंगालचं भातपीक काढलं. पानांवर तिळाएवढे तपकिरी ठिपके, तेव्हा हेल्मिंथोस्पोरियम म्हणत, आता बायपोलारिस. पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये लिहिलेलं आहे की त्या साथीचा आणि १९४३ च्या दुष्काळाचा संबंध आहे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, अमर्त्य सेन यांचं १९८१ चं पुस्तक वाचा, धान्य होतं, लोकांच्या हातात ते घ्यायची ऐपत नव्हती. सर म्हणाले, ठिपके होते. प्राध्यापक म्हणाले, भाव होते. हा वाद अजून चालू आहे. पावसाळ्यात छत्र्या घेऊन चालतो.

फोन आल्यापासून सरांना जगभरातून ठिपके येतात. भाचीने कर्वे रस्त्यावरच्या बाल्कनीतून पाठवलेली जास्वंद, मुलीने अमेरिकेतून पाठवलेला मॅपल. लोकांच्या फोनमधलं अॅप फोटो काढताक्षणी नाव सांगतं, सर दहा-बारा दिवसांनी उत्तर देतात, ‘‘फोटोत बीजाणू दिसत नाहीत.’’ मुलीला त्यांनी पानं टपालाने पाठवायला सांगितलं होतं. तिने क्वारंटाइनचे कायदे कळवले. सरांना ते कायदे पाठ आहेत, त्यांनी वर्गात शिकवलेत. फक्त ते आपल्याला लागू होतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

महिन्यातून एखादा दिवस ते मला घेऊन आघारकर संस्थेत जातात. ही संस्था आगरकर रस्त्यावर आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर वेगळे, गोपाळ गणेश आगरकर वेगळे, हे रिक्षावाल्याला सांगेपर्यंत मीटर पडतं. तिथे आजरेकर यांच्या नावाचा बुरशांचा संग्रह आहे. वाळवलेली, दाबलेली पानं पाकिटात, पाकिटावर झाड, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. आपलं पान आणि तिथलं पान शेजारी ठेवून बघायचं हा सरांचा उत्सव. सर्कोस्पोराचं ओळखकाम तर असल्या तुलनेवरच चालतं, कारण त्या खानदानात लोकसंख्येचा प्रश्न गंभीर आहे. चप नावाच्या अमेरिकन माणसाने १९५४ मध्ये ग्रंथ लिहून १,४१९ जाती मान्य केल्या. सरांकडे त्या ग्रंथाच्या झेरॉक्सची झेरॉक्स आहे. त्या काळी झाड बदललं की बुरशीची जात नवी, असा सरसकट हिशोब होता, त्यामुळे नावं वाढत वाढत तीन हजारांवर गेली. मग २००३ मध्ये क्रूस आणि ब्राउन यांनी झाडू घेतला आणि ६५९ ठेवल्या, वर २८१ नावं एकाच सर्कोस्पोरा एपीआयच्या पदरात टाकली, कारण दिसायला त्या तिच्यापेक्षा वेगळ्या करता येईनात. अशा परिस्थितीत छातीठोकपणे नाव सांगणारा माणूस एक तर फार विद्वान असतो किंवा औषधाचा दुकानदार.

मोगऱ्यावरच्या त्या बुरशीच्या पाकिटावर सरांनी म्हणूनच नुसतं ‘सर्कोस्पोरा’ लिहिलं आणि पुढे जातीच्या जागी ‘एसपी’, म्हणजे जात ठरलेली नाही. वर्ष गेलं. पन्नास बीजाणू मोजून झाले, आणखी पन्नास मोजून झाले. शेवटी मुलीने आग्रह केला की बाबा, आता डीएनएचा जमाना आहे, मी पैसे पाठवते. सरांनी शुद्ध वाढवलेली बुरशी एका प्रयोगशाळेला पाठवली. तिथे आयटीएस नावाच्या भागाची तपासणी केली जाते, बहुतेक बुरशांची ओळख त्यावरून पटते.

अहवाल आला त्या संध्याकाळी त्यांनी मला आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावून घेतलं. चार पानांचा, रंगीत. तिसऱ्या पानावर निष्कर्ष: सर्कोस्पोरा एसपी.

‘‘बघा!’’ सर म्हणाले. इतके खूश झालेले मी त्यांना पेढ्यांच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. ‘‘तंतोतंत! मी लिहिलं होतं तेच!’’

काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी अहवाल हातात घेतला, उलटून बघितला, पावती शोधून काढली.

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि आता एवढे पैसे घेऊन त्यांनाही माहीत नाही.’’

‘‘अगं, तसं नाही. सर्कोस्पोरात आयटीएस सगळ्यांचं जवळजवळ सारखंच असतं. जातीवर जायचं तर आणखी चार जनुकं बघायला लागतात. अॅक्टिन, कॅल्मोड्युलिन...’’

‘‘प्रत्येकाचे पैसे वेगळे?’’

‘‘नाही नाही,’’ सर घाईघाईने म्हणाले, ‘‘चारही एकदम केली तर सवलत आहे.’’